अण्णांची पाण्याची परीक्षा

श्रीपादअण्णा गाडी बघायला जाताना घरून काठोकाठ भरलेला स्टीलचा तांब्या, एक ताट आणि औषध मोजायची प्लास्टिकची वाटी घेऊन जातात. गाडी गतिरोधकावरून गेली की ताटात सांडलेलं पाणी वाटीने मोजायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या गाडीत चाळीस मिली, दुसरीत पंचवीस. ताट माझ्या मांडीवर असल्याने पँट किती भिजली याची नोंद मात्र कुठेच नाही.

अण्णा आमचे कोरमंगलातले शेजारी. त्यांचं मराठी घराणं चार पिढ्यांपासून बंगळुरात. मी पुण्याहून येऊन अठरा वर्षं झाली. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात अण्णांनी तीस वर्षं सुटे भाग तपासून नापास करण्याचं काम केलं आणि निवृत्तीनंतर ते छोट्या एसयूव्हींच्या मागे लागले. मलाही तशीच गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही जोडीने शोरूम पालथ्या घालू लागलो.

काय दिवस होते ते! अण्णांच्या वहीत त्रेसष्ट प्रश्न होते. "सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला की वर्षाला?" "जे आधी होईल ते, सर." "सरी, ठीक आहे. स्टेपनी बाकीच्या चाकांएवढीच की बारीक?" विक्रेता घुटमळला की अण्णा मेजरिंग टेप काढून गाडीखाली आडवे. "जोशी, लिहा. जमिनीपासून एकशे अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. कागदावर दोनशे म्हणतात!"

मला डिझेलची हौस होती. अण्णांनी एका वाक्यात ती उतरवली. "रोज चोवीस किलोमीटर, तेही सिग्नलला उभं राहत? धुराची जाळी तुंबेल. पेट्रोल घ्या, ऑटोमॅटिक घ्या, आणि टायरची हवा सकाळी, टायर गार असताना तपासा. गरम टायर खोटं बोलतो." मी तशी गाडी घेतली. वर्ष झालं, तक्रार नाही.

अण्णांनी मात्र गाडी घेतली नाही. कारण त्यांच्या पत्नी, शांताक्का.

अक्कांच्या मणक्यांतली चकती सरकली होती. त्यांची बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरला अंथरुणाला खिळलेली. "रिक्षाने जाऊ, काही होत नाही," असं म्हणून अण्णाच त्यांना एकदा घेऊन निघाले. अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं आणि अक्का नऊ दिवस उठल्या नाहीत. त्यानंतर दीड वर्ष त्या फाटकाबाहेर पडल्या नव्हत्या. बहीण रोज फोनवर विचारायची, "कधी येतेस?" अण्णांनी स्कूटरवरून जाऊन वाटेतले गतिरोधक मोजले: बत्तीस. खड्डे पेन्सिलीने लिहिले, कारण ते बदलतात.

"अण्णा, एकदा अक्कांनाच बसवून बघा ना, हवं तर माझ्या गाडीत," मी म्हणायचो.

"तिच्या पाठीवर प्रयोग करायचा नाही, जोशी."

गेल्या महिन्यात चौथ्या कंपनीची गाडी बघायला निघालो. तांब्या भरून अण्णा दारात आले, तर अक्का पातळ बदलून, काठी घेऊन पायरीवर उभ्या!

"अहो, दीड वर्ष पाण्याला विचारताय. मला कधी विचारणार?"

अण्णांच्या हातातलं बरंच पाणी तिथेच सांडलं. ते त्यांनी मोजलं नाही.

शोरूम दोन गल्ल्या पलीकडेच. तिथल्या विक्रेत्या दीपा मॅडमनी गाडी घरापाशी मागवली. पुढची सीट अक्कांच्या कमरेच्या उंचीला आली. चढणं नाही, वाकणं नाही, त्या सरळ टेकल्या आणि वळल्या. मागे मी आणि मॅडम. अण्णा चालवायला बसले ते ताशी वीसच्या वेगाने. मागून हॉर्नचा गजर! पहिला गतिरोधक आला. अण्णांनी श्वास रोखला, आम्हीही रोखला.

"दुखलं?"

"गाडी चालवा."

दुसरा, तिसरा. प्रत्येकाला तोच प्रश्न. चौथ्याला अक्कांनी विचारलं, "तुमची भीती किती मिली भरली?" मॅडमना मराठी येत नाही; तरी मी हसलो म्हणून त्याही हसल्या. अण्णांनी काच खाली केली. अक्का कितीतरी महिन्यांनी दुकानं, फुलवाल्या, बदललेल्या पाट्या बघत होत्या.

सहाव्या गतिरोधकानंतर अण्णांनी विचारलं, "दुखलं?" उत्तर नाही. "अगं, दुखलं का?" त्यांचा आवाज चिरकला. मी पुढे वाकून पाहिलं. अक्कांची मान खिडकीकडे कलली होती, तोंड किंचित उघडं. झोप लागली होती. दिवसा तर सोडाच, रात्रीही गोळीशिवाय ज्यांना झोप येत नसे, त्या भर रहदारीत झोपल्या होत्या.

शोरूमचं वळण आलं. अण्णांनी डावा इंडिकेटर आधीच लावला होता.

"सर, इथून डावीकडे," मॅडम हळूच कन्नडमध्ये म्हणाल्या. "फेरी तीन किलोमीटरचीच असते."

अण्णांनी एकदा अक्कांकडे पाहिलं. वहीत अजून अकरा प्रश्न शिल्लक होते.

"स्वल्प पुढे जाऊ द्या, मॅडम," ते कुजबुजले आणि त्यांनी इंडिकेटर बंद केला.