बोगद्याजवळचा पेशंट

तीन वर्षं दोन महिने. पाच वर्षं. चौदा महिने. सहा वर्षं, त्यातलं एक गाडी न धावताच.

दातांचे साचे घ्यायला वापरतात ते प्लास्टर, अर्धी गोण. त्याचा डोंगर. डोंगराच्या पोटात, कुणाला न सांगता पुरलेली एका सुताराची अक्कलदाढ.

पलंगाखाली हातमाग. सुटा केलेला, जुन्या चादरीत गुंडाळलेला. नऊ वर्षं.

एक स्टेशनमास्तर. उंची वीस मिलिमीटर. टोपी रंगवायची राहिलेली.

एक शिंक.

यातली शिंक रविवारी सकाळी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी आली, आणि तिच्यामागोमाग बाकीच्या सगळ्या गोष्टी एकमेकींच्या पायात पाय घालून कोसळल्या.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद करून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून ते घरी बसून होते, असं लोक म्हणत. खरं तर ते घरी उभे असत. मागच्या खोलीत, लाकडी फळ्यांवर, छोट्या आगगाडीचा लेआउट मांडत. हा त्यांचा पाचवा. आधीचे चार त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले आणि स्वतःच्याच हातांनी मोडले. कारण दर वेळी नवं असे आणि दर वेळी तितकंच पटणारं असे. वळण फार आवळलंय. चढ इंजिनाला झेपत नाही. स्टेशन रुसल्यासारखं भिंतीकडे तोंड करून बसलंय.

प्रत्येक लेआउट किती टिकला ते बायको खोलीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने लिहून ठेवी. चौकटीच्या डाव्या बाजूला मुलीची वाढत गेलेली उंची होती, उजव्या बाजूला हे, जितका जास्त टिकला तितकं वर.

"तुमच्या हातची कवळी सात-सात वर्षं टिकते," ती म्हणे, "आणि आगगाडी चौदा महिने?"

"कवळी माझ्या डोळ्यांसमोर नसते ना. असती तर तीही बदलली असती."

पाचव्याच्या वेळी मात्र बायको अडून बसली. ती निवृत्त चित्रकला शिक्षिका. तिला विणायचं होतं, हातमाग मांडायला घरात ही एकच खोली होती, आणि दोन लेआउटांच्या मधल्या मोकळ्या आठवड्यांत तिने डोकं आत घातलं की डॉक्टर फळ्या घेऊन हजर असत. शेवटी दवाखान्याच्या उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी एकीवर करार झाला आणि तो दारावर चिकटवण्यात आला.

१. हा लेआउट पाच वर्षं मोडणार नाही, हलवणार नाही, "जरासा सुधारणार" नाही.

२. मोडल्यास खोली हातमागाची.

३. घरातल्या माणसाच्या तब्येतीसाठी मोडावा लागल्यास तो मोडला असं धरणार नाही. खोली ज्याची त्याच्याकडेच.

तिसरं कलम डॉक्टरांनी सवयीने घातलं होतं. चाळीस वर्षं ते दात काढण्याआधी पेशंटची सही घेत आले होते. बायको हसली. "तुमच्या आगगाडीने कुणाची तब्येत बिघडणार आहे?" म्हणाली आणि सही करून मोकळी झाली.

डॉक्टर स्वतःला पुरते ओळखून होते. लेआउट खोलीच्या चारही भिंतींना लागून फिरत होता आणि मध्ये उभं राहायला मोकळा चौक होता. दारापाशी गाडी पुलावरून जाई. आधीच्या चारही वेळी तो पूल उचलता येणारा होता. या वेळी डॉक्टरांनी तो गोंद, अठ्ठावीस स्क्रू आणि वरून प्लास्टर घालून कायमचा बसवला, त्यावर नदी रंगवली, झाडं लावली. मोहाला वावच नको. चौकात जायचं तर कमरेएवढ्या उंचीच्या त्या फळ्यांखालून रांगत जायचं, आणि तसंच परत यायचं.

लेआउट पुरा होऊन अकरा दिवस झाले होते. डॉक्टर रंगाची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन रांगत आत गेले, उभे राहिले, स्टेशनमास्तराच्या टोपीवर नेम धरला, आणि शिंकले.

कमरेत उसण भरली. अशी भरली की डॉक्टर होते तिथे, होते तसे, खांबासारखे उभे राहिले.

"अहो, चहा!" बाहेरून हाक आली.

"मला वाकता येत नाहीये."

"मग वाकू नका. मी आणून देते."

"अगं, वाकल्याशिवाय बाहेर येता येत नाही!"

बायको दारात आली. तिने पुलावरून नवऱ्याकडे पाहिलं, फळ्यांखालच्या वाटेकडे पाहिलं, आणि मग दारावर चिकटवलेला कागद सावकाश, ओठ हलवत वाचला.

"पाय टाकून ओलांडता येतंय का बघा."

डॉक्टरांनी पाय उचलला. दोन इंच. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांनी आजवर फक्त पेशंटांच्या तोंडून ऐकला होता.

मुलगी फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या गावी. तिला फोनवरून चित्रासकट सगळं दाखवण्यात आलं.

"बाबा, नक्की कुठे आहात तुम्ही?"

"बोगद्याजवळ."

"आई, ह्यांना बडबड सुटलीये का?"

"नाही गं, खरंच बोगद्याजवळ आहेत."

मुलीने नवऱ्या मुलासारखे ताठ उभे राहिलेले बाबा नीट पाहिले. "जोर करायचा नाही. स्नायू आखडलेत, बाकी काही नाही. घरात मी ठेवून गेलेली स्नायू सैल करायची गोळी आहे ती द्या, स्टुलावर बसवा, दोन-तीन तासांत सुटेल. आणि घाई असेल तर तो पूल कापून टाका सरळ."

"नाही!" डॉक्टर ओरडले.

"मुळीच नाही!" बायको त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. तिचा हिशेब साधा होता. आज पूल कापला तर कलम तीन. खोली आगगाडीचीच. त्यापेक्षा माणूस धडधाकट बाहेर येऊ दे. पुढे पाच वर्षांत कधी ना कधी त्याचा हात शिवशिवणारच.

गोळी आली. बायकोने पुलावरून हात लांब केला, पण डॉक्टरांचे डोळे चमकले.

"थांब. मालगाडीने पाठव."

"काय?"

"पाच लेआउट झाले, माझ्या मालगाडीने आजपर्यंत कधी खराखुरा माल नेला नाही. ठेव त्या उघड्या डब्यात."

"कंबर गेलीये का डोकं?" असं म्हणत तिने गोळी डब्यात ठेवली. डॉक्टरांनी बटण फिरवलं. मालगाडी निघाली, सांधे खडखडत ओलांडले, झोकात वळण घेऊन बोगद्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही. आतून बारीकसा टक् असा आवाज आला.

डॉक्टरांनी बोगद्यात हात घालून पाहिला. इंजिन मिळालं, दोन डबे मिळाले. उघडा डबा आणि गोळी डोंगराच्या पोटात गडप. हात बाहेर काढताना कोपर लागलं आणि स्टेशनमास्तर फलाटावरून थेट जमिनीवर गेला.

"आता ही हाताने घ्या," बायकोने दुसरी गोळी पुढे केली. "मालगाडीपेक्षा मी बरी."

बारा वाजले होते. डॉक्टर चौकातल्या स्टुलावर कसेबसे टेकले आणि करण्यासारखं काही नसल्यामुळे गाडी सोडून बघत बसले.

इथेच घोटाळा झाला.

अकरा दिवस त्यांनी हा लेआउट उभ्याने, वरून पाहिला होता. वरून गाडीचं छप्पर दिसतं, खेळणं दिसतं. आता ते बुटक्या स्टुलावर होते आणि गाडी बरोबर डोळ्यांच्या रेषेत होती. इंजिन वळणावरून पुढे आलं ते अंगावर आल्यासारखं आलं. चाकं दिसली. खिडक्यांमधून पलीकडचा डोंगर सरकताना दिसला. फलाटावरची माणसं पहिल्यांदाच कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखी वाटली. डॉक्टरांनी ती गाडी चाळीस वेळा फिरवली. मग त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "उंची चुकली."

अख्खा लेआउट कमरेपाशी नको होता. गळ्यापाशी हवा होता! उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून गाडी गेली पाहिजे. इतकी साधी गोष्ट पाच लेआउटांत सुचली नाही. आणि सुचली तेव्हा पाच वर्षं पूर्ण व्हायला चार वर्षं, अकरा महिने आणि एकोणीस दिवस बाकी होते.

दीड वाजता त्यांना जमिनीवर पडलेला स्टेशनमास्तर दिसला. दाराकडे पाठ करून, विचारांच्या नादात, ते वाकले, त्याला उचलून फलाटावर ठेवलं, आणि मग लक्षात आलं की आपण वाकलो.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा वाकून पाहिलं. कंबर लोण्यासारखी. ते पटकन स्टुलावर बसले. बाहेर जावं तर हीच चुकलेली उंची पाच वर्षं उराशी धरायची. मोडावं तर खोली गेली. पण तब्येतीसाठी, दुसऱ्या कुणी, नाइलाजाने मोडलं तर?

"आई गं," ते मोठ्याने कण्हले. "काही फरक नाही बाबा."

दोनच्या सुमाराला बायको जेवणाचं ताट ढकलत, ताटामागून स्वतः रांगत आत आली.

"तू कशाला आलीस?"

"बघते तरी, एवढं काय आहे आत." ती उठायला गेली आणि गुडघा धरून मटकन खाली बसली. "गेला! गुडघा धरला!"

"आता गं?"

"आता काय, बसा दोघं बोगद्याजवळ."

दोघांनी एका ताटात जेवून घेतलं. जेवता जेवता बायको चौकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीत वीत मोजत होती, जणू हाताला चाळा.

"अहो, कलम तीन एका पेशंटसाठी लिहिलंय. इथे आहेत दोन."

"मग?"

"माझ्याही तब्येतीसाठी मोडायचाय म्हटल्यावर खोली निम्मी माझी. कडेकडेने तुमची गाडी, मध्ये माझा माग. मावतो. आत्ता मोजलं."

डॉक्टरांनी घास ताटात ठेवला. नाखुशीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि तू येणार-जाणार कशी? रोज रांगत?"

"तेच ना. गाडी वर चढवावी लागेल. चांगली गळ्यापर्यंत. खालून मान वाकवून जाता येईल असं."

"गळ्यापर्यंत," डॉक्टर म्हणाले. फार मोठा त्याग करणाऱ्या माणसासारखी त्यांनी मान खाली घातली, कारण चेहरा लपवणं गरजेचं होतं. "तू म्हणतेस तर... आता तब्येतीपुढे काय."

फोन करून बोलावलेला शेजारचा सुतार करवत घेऊन आला तेव्हा चार वाजत आले होते. त्याने दारातून दोन्ही पेशंट बघितले आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक समाधान पसरलं. याच डॉक्टरांनी त्याची अक्कलदाढ काढली होती. पाऊण तास लागला होता.

"वहिनी, जरा मागे सरका. डॉक्टर, घाबरायचं नाही. नुसत्या झिणझिण्या येतील."

"सावकाश हं, तिथे नदी आहे."

"दुखलं तर डावा हात वर करा."

करवत नदीत शिरली. डॉक्टरांनी डावा हात वर केला.

"झालंच, झालंच," सुतार न थांबता म्हणाला. "तुम्हीही कुठे थांबला होतात?"

पूल निघाला. त्याला चिकटलेला डोंगराचा कोपराही निखळला आणि बोगद्याचं पोट उघडं पडलं. आतून उघडा डबा घरंगळला, गोळी घरंगळली आणि तिच्यामागून पिवळट असं काहीतरी. सुताराने ते उचललं, उजेडात धरलं, जिभेने स्वतःच्या मागच्या हिरड्या चाचपल्या.

"डॉक्टर, तुम्ही तर म्हणाला होतात कचऱ्यात टाकली."

"इतकी सुंदर दाढ टाकवेना रे. तीन मुळं, तिन्ही वाकडी. डोंगराला आधार म्हणून घातली."

सुताराने दाढ पुन्हा एकदा न्याहाळली. रागवायच्या बेतात असलेला त्याचा चेहरा विरघळला. "नव्या डोंगरात पण घाला मग," तो म्हणाला. "जरा वर. दिसेल अशी." आणि नव्या लेआउटचे उंच पाय उद्याच करून देतो, असं सांगून गेला.

संध्याकाळी पलंगाखालून चादर निघाली. बायकोने हातमागाचे दांडे एकेक करून आत आणले, स्टुलावर चढून छताच्या खुंटीला सूत टांगलं, उतरली, पुन्हा चढली. डॉक्टरांनी त्या गुडघ्याकडे दोनदा पाहिलं. पण गुडघ्याचं विचारायचं म्हटलं की कमरेचं निघणार. ते तिला दोरा धरायला मदत करू लागले. तोंडाने शीळ चालली होती. समोरच्या कागदावर सहाव्या लेआउटचा आराखडा केव्हाच सुरू झाला होता.

अंधार पडायच्या आधी बायकोने पेन्सिल घेतली आणि चौकटीच्या उजव्या बाजूला, चौदा महिन्यांच्या बऱ्याच खाली, लिहिलं: अकरा दिवस.

दुपारी दीड वाजता, डॉक्टर वाकून स्टेशनमास्तराला उचलत होते तेव्हा, ती दारात उभी होती.