बाकावरचा ओढा

हातकवडीच्या कम्युनिटी कॉलेजात यंदा चिंचओढ्यानं प्रवेश घेतला. विषय तिन्ही: व्यवसाय, जीवशास्त्र आणि पर्यावरण. बारावी झालेली नव्हती, पण ‘किंवा कामाचा अनुभव’ अशी सोय नियमात होतीच, आणि अनुभवात ओढ्याला हरवेल असं गावात कोणी नव्हतं. पत्ता लिहिताना कारकून जरा अडला, कारण ओढा तीन वॉर्डांतून जायचा. शेवटी त्यानं तिन्ही लिहिले.

नगरपालिकेची अट साधी होती. पास झाला तर ओढा. नापास झाला तर गटार, वर स्लॅब.

त्रिशलाच्या शेजारची जागा रिकामी होती, म्हणून तो तिथं बसला. ती नवी सून. घरी बसून काय करणार, शीक, म्हणून सासरच्यांनीच नाव घातलेलं. ओल लागू नये म्हणून ती पाय बाकाच्या दांडीवर घेऊन बसायची.

व्यवसायाच्या तासाला ओढ्यानं एकदाच शंका विचारली. “आजवर सगळ्यांचं फुकटच वाहून नेलं. आता दर कसा लावायचा?”

“आधी गिऱ्हाईक कोण ते ठरव,” मगदूम सर म्हणाले. तिन्ही विषय तेच शिकवायचे.

जीवशास्त्राला प्रत्येकानं एक जिवंत नमुना आणायचा होता. कोणी झुरळ आणलं, कोणी गांडूळ. ओढा रिकामा आला.

“बेडूक तरी?”

“होते, सर,” ओढा म्हणाला आणि खाली बघत राहिला.

रोज तो वेगळ्याच रंगात यायचा. मागच्या बाकावरच्या आक्काताईंना तेवढंच हवं असायचं. “आज राणी कलर! कुठं बारसं हाय काय रं? आणि ही त्रिशला बघा, तीपण राणीच. ठरवून आलाय जणू दोघं!”

वर्ग हसला. त्रिशलाला हसता आलं नाही. साडी घरच्या डाइंगमध्ये, म्हणजे मागच्या दारच्या कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगवलेली होती. त्या दिवसापासून ती सावध झाली. सकाळी पोहे खाता खाता तिचा नवरा, अभिनंदन, “आज मोरपंखीची टाकी धुवायचीय” म्हणाला, की ती मुकाट्यानं मोरपंखी घडी कपाटात सारायची आणि दुसरी साडी काढायची. ओढा मोरपंखी होऊन यायचा. त्याच्याकडे न बघता ती आपली वही त्याच्यापुढं सरकवायची. तेवढंच तिला जमायचं.

पर्यावरणाच्या तोंडी परीक्षेत ओढ्याला विषय आला: स्वतःच्या रंगाचा उगम.

“सांग, कुठून येतो?”

“माहीत नाही, सर.”

“ओढा असून उगम माहीत नाही?”

ओढ्याला बारीक बुडबुडे आले. एरवी तो हळूच त्रिशलाकडे बघायचा, आज बघत नव्हता. त्यावरूनच तिला कळलं, की त्याला सगळं माहीत आहे. शेजारणीचं घर म्हणून तो गप्प होता.

“मग गटार लिहू?” सरांनी पेनाचं टोपण काढलं.

त्रिशला उभी राहिली. “डाइंगमधून येतो, सर.”

“कोणाच्या?”

“आमच्या ह्यांच्या.”

“‘ह्यांच्या’ असं निकालात लिहिता येत नाही. नाव सांगा.”

“अवो सर,” आक्काताई म्हणाल्या, “नवी नवरी हाय. नाव असं मागत्यात व्हय? उखाण्यात घेऊ दे की.”

सरांना ते रीतीला धरून वाटलं. “घ्या.”

त्रिशलानं पदर खांद्यावर ओढून घेतला.

“रोज नवा रंग, रोज नवं गोंदण,
मागच्या दारी पाइप सोडतात, त्यांचं नाव अभिनंदन.”

सवयीनं टाळ्या पडल्या. मग उखाणा ज्याला जसा कळला, तशा एकेक थांबल्या. सरांनी नाव लिहून घेतलं आणि ओढ्याला पास केलं.

बातमी तिच्या आधी घरी पोचली होती, पण अर्धीच. सासूबाई दारातच खुशीत उभ्या. “कॉलेजात नाव घेतलंस म्हणे! सत्यनारायणाला एवढ्या मागं लागलो, तर तोंड उघडलं नाहीस. आता म्हण बघू आमच्यासमोर. अभ्या, ऐक रे.”

अभिनंदन चहा पीत होता. त्रिशलानं मान खाली घालून उखाणा पुन्हा म्हटला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. सासूबाईंचं हसू तसंच राहिलं, नुसतं, कशालाच न धरता. अभिनंदननं बशी खाली ठेवली आणि तिच्याकडे न बघता मागच्या दारी गेला. रात्री ताटं वाढतानाही कोणी तिला हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी ओढा उशिरा आला. अंगावर रंग नव्हता. तळापर्यंत सगळं दिसत होतं: फाटकी पोती, एक चप्पल, निर्माल्याच्या पिशव्या, कमोडचं तुटकं झाकण. आक्काताईसुद्धा मान लांब करून बघत होत्या. अंग चोरून तो बाकावर बसला.

“त्रिशलाताई,” तो हळूच म्हणाला, “सगळे बघतायत.”

त्रिशलानं कमरेला खोचलेलं पदराचं टोक सोडलं आणि त्याच्यावर पसरलं. सरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.