तुळशीरामभाऊंची श्वासाची काटकसर

तुळशीरामभाऊ चहावर फुंकर घालत नसत. बशीत ओतलेला चहा आपणहून निवेपर्यंत ते त्याच्याकडे बघत बसत. साय धरली की ती बोटाने बाजूला सारत आणि मग पीत. "फुंकरीत चार श्वास जातात, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि एवढं बोलणं फार झालं अशा चेहऱ्याने गप्प बसले.

नातवंडांनो, तुमच्या शहरात योगाचे वर्ग भरतात, पण अंग लवचिक नसलेल्यांना तिथे जायची लाज वाटते, असं तुम्ही कळवलंत. त्यावरून मला आमचे मेहकरचे हे शेजारी आठवले. तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. भिंतीपलीकडे तुळशीरामभाऊ आणि त्यांची बायको कौतिकाबाई राहत. गावाबाहेर त्यांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मूलबाळ नव्हतं. कौतिकाबाईंना दमा होता. थंडी पडली की त्यांच्या छातीची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई.

मी तिथे राहायला जाण्याआधी एकदा गावातल्या देवळात एका योगी महाराजांची तीन दिवस प्रवचनं झाली. दम्यावर काही उपाय सांगतील म्हणून भाऊ निघाले. पण पहिल्या दिवशी मळ्याला पाणी द्यायचं होतं आणि तिसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याचा बाजार होता. मधल्या दिवशी त्यांच्या कानावर एवढंच पडलं, की देवाने प्रत्येकाला श्वास मोजून दिलेले असतात, योगी ते सावकाश वापरतो आणि म्हणून फार जगतो. भाऊंचा योग इथे सुरू झाला आणि इथेच संपला. आसन त्यांनी एकही केलं नाही.

बाजारात बाकीचे भाजीवाले घसा ताणून ओरडत. भाऊ वांग्यांच्या ढिगामागे तोंड मिटून बसत आणि बोटांनी भाव सांगत. काही बायांना ते मौनव्रत वाटलं. त्या आधी पाया पडत, मग घासाघीस करत. सुलतानपूरची एस.टी. डोळ्यांदेखत सुटली तरी भाऊ धावत नसत, उभे राहून तिला जाऊ देत. भजनात टाळ वाजवत, पण गात नसत. शिंक आली की दिवसभर खिन्न असत.

गावाने यातून आपापले अर्थ काढले. योग करणारा माणूस जमिनीवरून उचलला जातो, असं समोरच्या शिंप्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. ते आठवडाभर कुंपणावरून पाळत ठेवून होते. शेवटी "हा तं बसेलच हाय!" असं त्यांनी निराशेने जाहीर केलं. तुमचा नवरा आता गोसावी होऊन निघून जाणार, असं एका बाईने कौतिकाबाईंना सांगितलं.

"जाऊ द्या," कौतिकाबाई म्हणाल्या. "बोलत तं आताबी नाहीत. गेले हे कळाले मले दोन दिवस लागतीन."

खरी कोंडी कौतिकाबाईंचीच होती. त्या अतिशय बोलक्या, आणि भाऊंचं सारं लक्ष त्यांच्या श्वासांवर. दम्याने बायको भराभर श्वास संपवते आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. ते तिला चूल फुंकू देत नसत. स्वतः सुपाने वारा घालत. त्यामुळे चूल पेटे आणि राख भाकरीवर बसे. बायको बोलायला लागली की ते हात वर करून म्हणत, "खर्चू नको."

"पाहा ना बाई," कौतिकाबाई माझ्याकडे तक्रार करत. "मले हाक मारत नाहीत, टाळ्या वाजवतात. मी काय कबुतर हाय?"

भाऊ ओठांवर बोट ठेवत.

"काऊन गप बसू? बोलले नाही तं मरून जाईन मी!"

यावर भाऊ खरोखरच घाबरत.

मला अर्धवट माहिती सहन होत नाही. मी शाळेतून शरीरशास्त्राचं इंग्रजी पुस्तक आणलं आणि भाऊंना समोर बसवून समजावलं, की श्वास साठवता येत नाही, प्राणायाम म्हणजे तो नीट घ्यायला शिकणं. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, "हे पुस्तक लिवनारा जिता हाय का?"

मी पहिली पानं चाळली. नव्हता.

"मंग?" भाऊ म्हणाले.

हा माणूस स्वतःच्या आयुष्याची बेगमी करतो आहे, असं माझं मत झालं. ते मी तुमच्या आजोबांना दोनदा सांगितलंही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी भिंतीपलीकडून "बाई! ओ बाई!" अशी आरोळी आली. आवाज ओळखीचा नव्हता. जाऊन पाहते तर भाऊ. कौतिकाबाई बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या, डोळे विस्फारलेले, दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरलेली. डॉक्टर नुकतेच सुई देऊन गेले होते. औषध लागू पडायला थोडा वेळ लागेल, तोवर बसवून ठेवा, घाबरू देऊ नका, असं सांगून.

भाऊंनी मला दाराशी नेलं.

"तुमच्या त्या पुस्तकात पाहा बरं, बाई. माहे जमवलेले तिले देता येतात का?"

"काय जमवलेले?"

"श्वास. तीन वर्सं झाली, तिच्यासाठीच जमवून राह्यलो. मले एकट्याले काय करायचे?"

मी बाजेकडे पाहिलं.

"तसे देता येत नाहीत, भाऊ. पण त्या घाबरल्या आहेत. जवळ बसा. बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. फक्त थांबू नका."

ते बाजेच्या कडेला बसले. बायकोचा हात सोडवून आपल्या हातात घेतला आणि बोलू लागले. आधी मिरचीच्या रोपांबद्दल. मग एका हट्टी बैलाबद्दल. मग तिला पाहायला गेले तेव्हा सासऱ्यांनी काय काय विचारलं, ते. त्यांचा आवाज जाड होता आणि ऐकत राहावा असा होता, हे मला शेजारी राहून त्या दिवशी कळलं. कौतिकाबाईंची नजर छतावरून हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर आली. शिट्टी बारीक होत गेली. भाऊ लग्नापर्यंत पोचले होते.

"अन् तुह्या मामानं बुंदीची परात पाडली, मांडवातच..."

कौतिकाबाईंनी एक बोट वर केलं. श्वास घेतला. पुरा घेतला.

"मामा नाही," त्या म्हणाल्या. "काका."

भाऊंनी उपरण्याने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं.

"हाव, काका," ते म्हणाले, आणि पुढची गोष्ट त्यांनी मुद्दाम चुकीची सांगायला घेतली.