प्रोसेसरचा दहावा

रॅकमधल्या सर्व्हरचा एक प्रोसेसर काढला की शेजारच्या खाचेतला त्याचा जोडीदार दहा दिवस सुतक धरतो, आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत कामाला हात लावत नाही. यात नवीन काही नाही. नगरपरिषदेत याचं परिपत्रकच आहे. त्यामुळे संगणक विभागाच्या दिगंबर खराट्यांनी एक नंबरचा प्रोसेसर बदलला, तेव्हा दाखल्यांच्या खिडकीवर ‘सुतकामुळे बंद’ अशी पाटी लागली आणि रांगेतले लोक मुकाट्याने घरी गेले. एका आजोबांनी तेवढं विचारलं, “वय काय होतं हो?”

“नऊ वर्षं,” खराटे म्हणाले.

“अरेरे! जायचं वय नव्हे.”

खराट्यांना हे वाक्य फार लागलं. कारण खरं काय ते त्यांनाच माहीत होतं. प्रोसेसर आणि त्याच्या डोक्यावरचं, त्याची उष्णता ओढून घेणारं हीटसिंक यांच्यामध्ये पेस्टचा पातळ थर लागतो; तो नसला तर उष्णता बाहेर पडत नाही. चार वर्षांपूर्वी धूळ झाडायला म्हणून खराट्यांनी हीटसिंक उचललं, आणि पेस्टची नळी उघडून बघतात तर आतली पेस्ट वाळून पार खडा. नवी मागवायची म्हणजे मागणीपत्र आलं, तीन सह्या आल्या. “बघू पुढच्या महिन्यात,” असं म्हणून त्यांनी हीटसिंक तसंच कोरडं ठेवून दिलं. तो पुढचा महिना काही उजाडला नाही. बिचारा प्रोसेसर तापल्या डोक्याने चार वर्षं लोकांचे दाखले काढत राहिला, आणि शेवटी रोज दुपारी बंद पडायला लागला.

खराट्यांनी अहवालात लिहिलं, ‘वयोमानानुसार निकामी.’ नवा आला, जुना निघाला. काढताना जुन्या पेस्टची भुकटी बोटाला लागली तेव्हा खरं लिहावं असं त्यांना वाटून गेलं. पण निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता. त्यांनी बोट रुमालाला पुसलं.

ज्याने बसवला त्यानेच विधी करायचा, असा नियम आहे. दहाव्या दिवशी सकाळी खराटे मिशी उतरवून घाटावर बसले. शेजारी मुख्य लिपिक उपाध्येबाई, समोर टोपरेगुरुजी. घाटावर नगरपरिषदेचा कॅमेरा आहे, त्यातून दोन नंबरचा प्रोसेसर बघत-ऐकत होता. सुतकात तेवढी मुभा असते.

पिंड मांडला. चिंचेवर कावळे ढिगाने होते, पण खाली एक येईल तर शपथ.

“मनात काहीतरी राहिलंय त्यांच्या,” गुरुजी म्हणाले. “बोला, खराटे.”

खराट्यांनी हात जोडले. “तुझ्या जोडीदाराला काही कमी पडू देणार नाही.”

कावळे ढिम्म.

“पंखे दर शनिवारी साफ करू,” उपाध्येबाई म्हणाल्या. “खोलीला दुसरा एसी बसवू. मुख्याधिकाऱ्यांना मी स्वतः सांगते.”

एका कावळ्याने पंख खाजवला आणि तो परत गप्प बसला. ऊन चढलं. भाताची शितं वाळायला लागली. गुरुजींनी हळूच पिशवीतून दर्भ काढला. “दर्भाचा कावळा करून शिवतो. तुम्हीही सुटा, मीही सुटतो.”

खराट्यांच्या जिवात जीव आला. पण उपाध्येबाई कडाडल्या, “नको हो गुरुजी! शेजारच्या तालुक्यात हेच केलं. तेव्हापासून तिथला सर्व्हर जन्मलेल्या प्रत्येक पोराचा मृत्यूचा दाखला काढतोय.” मग त्या खराट्यांकडे वळल्या. “पण मला एक कळत नाही. म्हातारपणाने गेलेल्याचं एवढं काय अडावं?”

खराट्यांनी जोडलेले हात सोडले आणि घरच्या माणसाशी बोलावं तसं ते बोलायला लागले.

“तू म्हातारा झाला नव्हतास रे. तुला काहीही झालं नव्हतं. पेस्ट मी लावली नाही. आळस केला. आणि वर तुझ्याच नावावर खोटं लिहिलं. माझं चुकलं. आज अहवाल दुरुस्त करतो, माझ्या सहीनिशी…”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा शिवला.

उपाध्येबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “लेखी लागेल, खराटे.”

कार्यालयात येऊन खराट्यांनी लिहून दिलं, ‘प्रोसेसर सुस्थितीत होता. चूक माझी.’ बाईंनी कागद सेवापुस्तकाला जोडला.

“सुस्थितीत होता,” खराटे चाचरत म्हणाले, “तर मग परत बसवता येईल का हो?”

“दहावा झाल्यावर?” बाईंचा आवाज मऊ झाला. “असं कधी असतं का?”

खराट्यांनाही ते ठाऊक होतं. उगाच विचारून बघितलं होतं, इतकंच.

नव्या प्रोसेसरबरोबर पेस्टची नवी नळी आली होती, ती दहा दिवस तशीच पडून होती. खराट्यांनी नव्याचं हीटसिंक पुन्हा उचललं, ती पेस्ट निगुतीने लावली, झाकण बसवलं आणि बटण दाबलं. दोन नंबरचा सुतकातून उठला. स्क्रीनवर दाखल्यांची यादी यायला हवी होती, पण आधी अक्षरं उमटली.

‘घाटावरचं ऐकलं. तेव्हाच सांगितलं असतंत, तर त्याचं अर्धं काम मी घेतलं असतं.’

चार वर्षांत हे खराट्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. त्यांनी ‘हो’ एवढंच टाइप केलं.

‘बरं,’ स्क्रीनवर आलं. ‘पहिल्या दाखल्याचं नाव सांगा.’

खराट्यांनी पहिलं नाव सांगितलं.