चाक रडलं की नाही

आमच्या घरमालकांना, मोहिते अण्णांना, पाहुणा आलेला फार आवडतो. पण आधी ते त्याच्या गाडीच्या चाकांना भेटतात. माणूस फाटकाशी हात जोडून उभा असतो आणि अण्णा उकिडवे बसून चाकाच्या लोखंडावर बोटाच्या पेराने टकटक करत असतात. मग उठतात, लुंगी झटकतात आणि म्हणतात, "हं, या. नीट बोलतंय." माझे सासरे आले तेव्हा त्यांच्या टॅक्सीच्या मागच्या चाकाबद्दल अण्णा काहीच बोलले नाहीत. सासऱ्यांनी परत जाताना दुसरी टॅक्सी मागवली.

मी नोकरीपायी बेंगळुरूला आलो आणि बसवनगुडीत अण्णांच्या माडीवर भाडेकरू झालो. मोहित्यांचं घराणं इथे इतक्या पिढ्या राहतंय की त्यांच्या मराठीला माझ्या मराठीची ओळख पटायला जरा वेळ लागला. 'थोडं'ला ते 'स्वल्प' म्हणतात, 'नको'ला 'बेडा', 'ठीक'ला 'सरी' आणि मला 'पुणेकर'. माझं खरं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.

अण्णा विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायचे. उभा जन्म दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावर तो संशय डब्यासारखा घरी आला. जिन्याचा कठडा, गॅसची शेगडी, देवळाचं फाटक, काही सुटलं नाही. काकू होत्या तोवर थोडा आळा होता. "माझ्या पोळपाटाला जोड नाही, तिकडे फिरकू नका," असं त्या सांगायच्या. काकू गेल्या आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. टकटक तेवढी वाढली.

अण्णांच्या दिवंगत भावाचा मुलगा संजू मारतहळ्ळीला राहतो. कंप्युटरवर काम करतो आणि त्याचा राग गाड्यांवर काढतो. वडिलांची जुनी अँबॅसडर त्याने शर्यतीसाठी तयार करायला घेतली. ही शर्यत म्हणजे दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रेषेत पाव मैल जीव खाऊन पळवायच्या. वळण नाही, चढ नाही. ज्या गाडीतून आमच्या पिढीच्या वराती संथपणे निघाल्या, तिला हे करायला लावणं मला क्रूर वाटायचं. पण हौसेला काय करणार?

तर अशा गाडीला सुटताना रस्ता घट्ट धरायला मागे रुंद टायर लागतात आणि रुंद टायरला रुंद चाक. जुन्या गाडीला शोभेल असं तयार मिळत नाही. मग मूळचं लोखंडी चाक मधोमध गोल कापतात, मध्ये पट्टी घालतात आणि पुन्हा वेल्ड करतात. संजूने पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याशा वर्कशॉपमधून अशी दोन चाकं करून आणली आणि एका रविवारी काकांना दाखवायला आला.

"कापायला माझी ना नाही की रे," अण्णा म्हणाले. "पण गाडी सुटते तेव्हा इंजिनचा सगळा धक्का ह्या जोडावर येतो. आतून-बाहेरून, दोन्हीकडून वेल्ड पाहिजे. येलहंकाच्या पुढे एकदा चाक पट्टीपाशी फाटताना बघितलंय मी. पोरगा वाचला. पण आईला हाक मारत होता. तीस वर्षांचा घोडा, आईला हाक मारत होता."

मग अण्णांनी त्यांची परीक्षा घेतली. खडू पाण्यात कालवून जोडावर बाहेरून पांढरा लेप द्यायचा. तो वाळला की आतून रॉकेल फिरवायचं. केसाएवढी भेग असली तरी रॉकेल त्यातून झिरपतं आणि पांढऱ्यावर ओली काळपट रेघ उमटते. हल्ली रॉकेल अण्णांना कोण देतं, हे गल्लीतलं एक गूढ आहे. लेप वाळेपर्यंत काकांनी पुतण्याला कॉफी पाजली, त्याच्या वडिलांच्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या. मग दोघं चाकावर वाकले.

"रडलं," अण्णा म्हणाले. "बेडा."

संजू चाकं परत घेऊन गेला, पुन्हा वेल्ड करून पुढच्या रविवारी आला. पुन्हा कॉफी, पुन्हा खोड्या, पुन्हा एक बारीक रेघ. असं बरेच रविवार चाललं. अण्णा शनिवारीच खडू कुटून ठेवायला लागले. डोशाचं पीठ भिजवायला लागले. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे असायचे. मी माडीवरून विचारायचो, "अण्णा, लग्नाला निघालात का?" ते म्हणायचे, "चाकं येताहेत."

मग तो रविवार आला. संजूने काम दुसऱ्या वेल्डरकडून करून घेतलं होतं. जोड माझ्यासारख्या अडाण्यालाही देखणा दिसत होता. लेप वाळला, रॉकेल फिरवलं. संजू फोन आला म्हणून फाटकाबाहेर गेला. मी जिन्यात उभा होतो. चाक पांढरंशुभ्र, कोरडं. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्यांनी करंगळी रॉकेलच्या वाटीत बुडवली आणि पांढऱ्या लेपावर हलकेच एक रेघ ओढली.

संजू आत आला. "रडलं रे," अण्णा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

संजू चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "बास काका. बहुतेक बाबांच्याच मनात नाहीये. चाकं राहू देत इथेच." कॉफी अर्धी ठेवून तो निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अण्णा शर्ट घालून उभे राहायचे आणि दहाच्या सुमाराला आत जायचे. शेवटी उरलेले डोसे त्यांनी मला आणून दिले आणि न विचारताच म्हणाले, "तू बघितलंस, पुणेकर. मला ठाऊक आहे. कारखान्यात साहेबांनी दम दिला तरी कधी खोटी सही केली नाही मी. चांगल्याला वाईट म्हटलं नाही, वाईटाला चांगलं म्हटलं नाही. चाक पास झालं असतं तर तो पुढच्या रविवारी कशाला आला असता, सांग?"

मी डोशांची ताटली खाली ठेवली.

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "संजू, ते चाक रडलं नव्हतं रे. रेघ मी ओढली. जोड पक्का आहे. बिनधास्त लाव." पलीकडून संजू हसल्याचं मला ऐकू आलं. मग तो काहीतरी बराच वेळ बोलला. अण्णा नुसतं "सरी, सरी" म्हणत राहिले. फोन ठेवला आणि म्हणाले, "गाडी विकली त्याने. गेल्याच आठवड्यात. हैदराबादच्या माणसाला. चाकं नकोत म्हणाला." मग स्वल्प थांबून, "रागावला नाही. येतो म्हणाला कधीतरी."

त्या 'कधीतरी'ला जोड नव्हता, त्यामुळे अण्णांना तो तपासता येईना. ती दोन रुंद चाकं ओसरीवर भिंतीला टेकून आहेत. अण्णा येता-जाता त्यांच्यावर टकटक करतात. नीट बोलतात ती. त्यांना जायला गाडी नाही, एवढंच.

मला ते बघवेना. पुढच्या रविवारी मी माझ्या जुन्या स्कूटरचं पुढचं चाक काढलं आणि खाली नेलं. "अण्णा, जरा शंका आहे. बघता का?" चाकाला काहीही झालेलं नव्हतं. अण्णांनी ते ओळखलं, हे मीही ओळखलं. त्यांनी लेप दिला, रॉकेल फिरवलं, कॉफी केली आणि लेप वाळेपर्यंत भावाच्या खोड्या सांगितल्या. शेवटी चाकावर वाकले. रॉकेलची वाटी त्यांनी हात पोचणार नाही इतकी लांब सारून ठेवली होती.

"रडलं नाही," ते म्हणाले. "चांगलं आहे. घेऊन जा."

"मागचंही दाखवायचं होतं," मी म्हणालो. "पुढच्या रविवारी आणू?"

"आण की," अण्णा म्हणाले आणि घाईघाईने कप उचलून आत गेले.

मागचं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी स्टेपनी झाली. स्कूटरची चाकं तिथे संपतात. आज शनिवार आहे, खाली अण्णा खडू कुटताहेत, आणि उद्या काय न्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही.