डोळा बघणाऱ्या पाटणकर मॅडम

पाटणकर मॅडमना नमस्कार केला तर त्या उलट नमस्कार करत नाहीत. सरळ पुढे येतात, अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढतात आणि आतला रंग बघतात. रंग लाल असेल तर "अच्छा" म्हणून सोडून देतात. फिका दिसला तर तुमची धडगत नाही. "जेवणावर चहा पिता? रक्ताचा सत्यानाश!"

इंदिरा नगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहतात. सरकारच्या माता-आरोग्याच्या कामावर डॉक्टर म्हणून साताऱ्याहून लखनौला आल्या आणि जीपमधून गावोगाव फिरता फिरता निवृत्त झाल्या. लग्न राहून गेलं. "लोकांच्या बाळंतपणाच्या तारखा सांभाळताना माझीच तारीख हुकली," असं स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात.

गेल्या संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. रेल्वेतल्या बड्या इंजिनिअरांच्या बायका काळ्या साड्या नेसून आल्या आणि दारातच ओळीने पापण्या ओढून घेत्या झाल्या. वाण काय, तर गूळ-शेंगदाण्याचा लाडू आणि लोहाच्या गोळ्यांचं पाकीट! माझा नवरा तर म्हणाला, पुढच्या वर्षी सुई टोचतील.

रविवारी त्यांच्याकडे जायला मी जरा बिचकते. आपण उठायला लागलो की त्यांना लगेच आणखी एक आजार आठवतो. तो ऐकून उठावं, तर दुसरा तयार. शेवटी माझ्या दारापर्यंत त्या बोलत येतात.

चौक नावाच्या जुन्या बाजारातून चिकनच्या भरतकामाचे कुर्ते विकायला येणारी शबनम एकदा माझ्या दारात बसली होती. सातवा महिना. मॅडमनी तिची पापणी ओढली. आत पांढरंफटक होतं. हिचं बाळंतपण घरी झालं तर ही वाचायची नाही, असं त्यांनी मला मराठीत सांगितलं. आणि नेमकी शबनमची सासू दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. नवरा सुरतेला, आई वारलेली.

दुसऱ्याच दिवशी मॅडम मला घेऊन चौकात, शबनमच्या घरी. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "गाड़ी सरकार भेजेगी, दवा सरकार देगी, सब मानते हैं. मगर वहाँ बहू के पास बैठेगा कौन? मेरे घुटनों से तो ज़ीना नहीं उतरा जाता."

"हम बैठेंगे," मॅडम म्हणाल्या.

"आप उसकी कौन लगती हैं?"

"वो वहाँ जाकर तय कर लेंगे, अम्मा."

सासूबाईंनी बराच वेळ पान चघळलं आणि मान डोलावली. पुढचे दोन महिने मॅडम जाऊन समोर बसून शबनमला गोळ्या खायला लावत होत्या.

वेळ आली त्या सकाळी सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशीच अडली. मॅडमनी शबनमला सायकलरिक्षात घातलं आणि आपण पुढे धावत सुटल्या, "हटिए भैया, जच्चा है, हटिए!" दवाखान्यात रक्त फार गेलं, पण बाटल्यांची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. मुलगी झाली. दोघी जगल्या. मला फोनवर हे सांगताना मॅडमचा आवाज इतका चढला होता की मलाच रडू आलं.

चार दिवसांनी शबनम घरी गेल्याचं तिच्या सासूने कळवलं. मॅडमच्या दाराला मात्र दुसऱ्या दिवशीही कुलूप. फोन केला तर म्हणाल्या, "इथंच आहे, दवाखान्यात." त्याच आजारी पडल्या की काय! डबा घेऊन धावले.

मॅडम बाळंतिणींच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर, नातेवाइकांच्या गर्दीत बसल्या होत्या. ठणठणीत.

"अहो, शबनम तर काल गेली ना?"

"हो. मीच सोडून आले."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

"घरी टीव्ही आहे गं. पण इथे बसलं की कुणी ना कुणी येऊन विचारतं, 'आप किसके साथ हैं?'"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"सांगते, हमारी जच्चा अभी आने वाली है."

मी शेजारी टेकले, डबा उघडला. तेवढ्यात वॉर्डची आया झाडू घेऊन आली आणि माझ्यावर खेकसली, "आप किसके साथ हैं?"

मी मॅडमकडे बोट केलं. "इनके साथ."

आया पुढे गेली. मॅडमनी पोळीचा तुकडा तोडून तोंडात घातला. दुसरा तोडून माझ्या हातावर ठेवला.