डाव्या हाताला गुरुनाथअप्पा

आमच्या आळंदातले गुरुनाथअप्पा कधी कुणाच्या उजव्या हाताला उभे राहिले नाहीत. लग्न असो, मयत असो, बोलायला आले की वळसा घालून तुमच्या डाव्या बाजूला येणार. तुम्ही वळलात तर तेही वळणार. एकदा माझ्या कापडाच्या दुकानात आम्ही दोघं असे गोल फिरत राहिलो आणि गिऱ्हाईक लुगडं न घेताच निघून गेलं. "अप्पा, कामून फिरायलाव?" मी चिडून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "उजवीकडं डाक्टर उभारतो, अण्णा. मदतनिसाची जागा डावी."

आळंदला तेव्हा दाताचा डॉक्टरच नव्हता. मदतनीस मात्र टपालानं तयार होत होता.

अप्पा जन्मभर करोडगिरीच्या नाक्यावर होते. अक्कलकोटकडून आलेल्या गाड्या थांबवायच्या, गाठोडी सोडून बघायची, जकात घ्यायची. निजामाचं राज्य गेलं, पुढं नाकाही उठला. गाठोडी बघायची बंद झाली म्हणून हा माणूस तोंडं बघायला लागला, असं मी बाजारभर सांगत असे. हैदराबादच्या कुठल्याशा संस्थेकडून धडे यायचे, घरबसल्या दातांच्या डॉक्टरचे मदतनीस व्हा म्हणून. धडे उर्दूत, अप्पांची शाळाही उर्दूतलीच, त्यामुळे ती अडचण नव्हती. अडचण एवढीच, की सरावाला डॉक्टर नाही. मग त्यांनी अख्ख्या गावालाच डॉक्टर धरलं.

डॉक्टरनं मागायच्या आत पुढचं हत्यार त्याच्या हातात द्यायचं, असा एक धडा होता. झालं! मी कापडाला हात लावला की मापायचा गज माझ्या हातात. फाडायच्या आत कात्री. न्हाव्याकडं बसले तर त्याला वस्तरा, चांभाराकडं आरी. मठात स्वामी पूजेला बसले की आधी विभूती, मग बेल. स्वामींना ते आवडलं. न्हाव्याला नाही आवडलं.

दात दुखणारी माणसं त्यांच्या ओसरीवर यायची. अप्पा खुर्चीत बसवायचे, गळ्याला पंचा बांधायचे, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावायचे आणि मग उजवीकडच्या मोकळ्या जागेकडं बघत थांबायचे. दात काढा की म्हटलं, तर उत्तर ठरलेलं, "दात डाक्टरचा, मानूस आपला." कुणी विव्हळायला लागलं तर त्याला आपला हात धरायला द्यायचे, पण स्वतः कुणाला धरायचे नाहीत. तसं धड्यात लिहिलंय म्हणे. लोक पाच-दहा मिनिटं हात धरून बसायचे आणि दात जागच्या जागी घेऊन घरी जायचे. मला हा निव्वळ रिकामा उद्योग वाटायचा.

घरात अप्पा आणि अक्का, दोघंच. अक्का त्यांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी आली आणि आईविना राहिलेल्या या भावाला तिनंच वाढवलं. तिची दाढ सडली होती. गाल सुजून डोळा मिटायला आलेला, भाकर सुटलेली, नुसत्या आंबलीवर दिवस काढणं चाललेलं. वैद्यानं हात टेकले. गुलबर्ग्याला नेऊन दाढ काढा, नाहीतर बाई हातची जाईल, असं स्पष्ट सांगितलं. पण अक्का तोंड उघडायलाच तयार नव्हती. तरुणपणी जत्रेत एका दात काढणाऱ्यानं चौघांना धरायला लावून तिची दाढ उपटली होती, तीही भलतीच. तेव्हापासून गालाजवळ कुणाचा हात आला की हिचा पदर तोंडावर.

"मी जानार न्हाई. तिथं धरतेत," एवढंच ती म्हणायची.

"मी मदतनीस हाय, अक्का," अप्पा म्हणाले. "मी असताना कोन धरतंय बघू."

मला हसू आलं. अक्काला नाही आलं. दुसऱ्या दिवशी ती मुकाट गुलबर्ग्याच्या मोटारीत बसली.

मला माल आणायचा होता, म्हणून मीही गेलो. दवाखान्यात डॉक्टरनं हत्यार उचललं, तसा त्याचा कंपाउंडर मागून अक्काचं डोकं धरायला आला. अक्का ताडकन उठली. पदर तोंडावर. डॉक्टर वैतागला, धरल्याशिवाय दाढ निघत नसते, पेशंटला घरी न्या म्हणाला.

अप्पा वळसा घालून खुर्चीच्या डाव्या बाजूला गेले. कंपाउंडरला त्यांनी हातानंच मागं सारलं. आवाज नाक्यावरचा होता, गाडी थांबवायचा. "साहेब, दात तुमचा. मानूस माझ्याकडं द्या." मग त्यांनी अक्कापुढं हात केला. "मी धरनार न्हाई, अक्का. तू धर."

अक्का बसली. तिनं हात धरला आणि तोंड उघडलं. दाढ निघेपर्यंत तिनं हूं की चूं केलं नाही. अप्पांच्या मनगटात मात्र तिची नखं रुतून रक्त आलं.

परतीच्या मोटारीत मी म्हणालो, अप्पा, आता त्या हैदराबादच्या धड्यांची परीक्षाही देऊन टाका. ते म्हणाले, आता कशाला, काम झालं. अक्काला झोप लागली होती. तिच्याकडं एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"जत्रंत चौघांनी धरलं होतं न्हवं, अण्णा? डोकं मी धरलं होतं. गुरू, सोड म्हनत होती. मी सोडलं न्हाई."

कडगंचीजवळ मोटारीनं हिसका दिला आणि माझी टोपी अप्पांच्या पायाशी पडली. एरवी मी बघायच्या आत ती माझ्या हातात आली असती. त्या दिवशी माझी मीच वाकून उचलली. अप्पा अक्काच्या डाव्या बाजूला बसले होते, आणि झोपेतही तिनं त्यांचा हात सोडला नव्हता.